दोन्ही वेळा वर गेलेला हात

केशवराव माने गेल्याची बातमी मला आमच्या कामगार वसाहतीच्या वाचनालयाच्या दारात कळली. पहिली पाळी सुटायची होती. मी नव्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालत बसलो होतो. त्यांच्या ड्रॉइंग ऑफिसातला एक सहकारी आला, सायकल तशीच भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "माने गेले. नकाशा काढता काढता खाली बसले, ते उठलेच नाहीत..." मग त्यानंच विचारलं, आज वाचनालय बंद ठेवणार का. मी नाही म्हणालो. कुणी गेलं की वाचनालय बंद ठेवायची पद्धत केशवरावांना कधीच पटली नव्हती. ज्या दिवशी माणसाला घरात बसवत नाही, नेमकं त्याच दिवशी तुम्ही दाराला कुलूप घालता, असं ते म्हणत. त्या संध्याकाळी मी दिवे लावून बसलो. माणसं आली, वर्तमानपत्रं समोर धरून बसली, पण पान कुणी उलटत नव्हतं. त्याला आता काही आठवडे झाले. मला लिहायला वेळ लागतो, आणि या माणसाबद्दल घाईनं लिहावंसं वाटत नव्हतं.

बासष्ट-त्रेसष्टच्या सुमारास पिंपरी-चिंचवडला एकामागून एक कारखाने उभे राहत होते, तेव्हा आम्ही दोघं थोड्या अंतरानं इथं आलो. ते सोलापूरकडून डिप्लोमा करून आले. पत्नी लवकर गेलेली. घरात आई आणि लहानगी नलिनी. आईला सगळी वसाहत 'आजी' म्हणायची. आपल्याकडे म्हातारीला एकदा आजी म्हटलं की तिचं नाव विचारायचं कुणाला सुचत नाही. या आजी उंच, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. नळावर भांडण झालं तर त्या मधे पडत नसत, नुसत्या येऊन उभ्या राहत, आणि भांडण आपोआप मिटे. त्यांचा वचक कसला होता, हे तेव्हा आम्हांला सांगता आलं नसतं.

वाचनालयात आम्ही वादसभा सुरू केली ती केशवरावांच्याच आग्रहानं. नियम एकच: कोणत्या बाजूनं बोलायचं ते चिठ्ठी ठरवणार. स्वतःचं मत काहीही असो, आलेल्या बाजूनं मनापासून बोलायचं, आणि शेवटी श्रोत्यांनी हात वर करून कौल द्यायचा. हिशेब खात्यातले कुळकर्णी याला जुगार म्हणत. पण केशवरावांना ऐकायला तेही पुढच्या रांगेत असत. केशवराव हळू आवाजात, हात पाठीमागे बांधून बोलत. नकाशावर ते नको असलेली एक रेघ ठेवत नसत, तसंच बोलण्यातही. हुंडा, दारूबंदी, संप, इंग्रजी शाळा... एकही विषय त्यांनी नाकारला नव्हता.

मग तो विषय आला. नाशिक रस्त्यावर चाकणच्या कांद्याच्या गाड्या वाढल्या होत्या. एका ढाब्यामागच्या झोपड्यांवर पोलिसांची धाड पडली. बायकांना गाडीत घालून नेलं, पुरुषांना दम देऊन सोडलं. वसाहतीत आठवडाभर दुसरी चर्चा नव्हती. आमचे अध्यक्ष, एक निवृत्त वकील, म्हणाले की कुजबुजण्यापेक्षा हे सभेत बोलू. फळ्यावर विषय लागला: 'वेश्याव्यवसायास परवाना देऊन त्यावर नियंत्रण आणि कर बसवावा.' कुळकर्णींनी लगेच विचारलं, "विक्रीकर की उत्पन्नकर, तेवढं आधी ठरवा राव!" सगळे हसले. केशवराव हसले नाहीत. त्यांनी डब्यातून चिठ्ठी उचलली. अनुकूल.

त्या दिवशी परतताना आम्ही पवनेच्या काठानं चाललो होतो. ते फारच गप्प आहेत असं पाहून मी म्हणालो, चिठ्ठी बदलून घ्या, मी अध्यक्षांना सांगतो. ते थांबले. "चिठ्ठी बदलून काय होणार? मला या विषयावर मतच नाही. सगळ्या विषयांवर बोललो, या एकावर लहानपणापासून नुसता ऐकत आलो." आणि मग, नकाशाचं माप सांगावं तितक्या सरळ आवाजात, "माझ्या आईचा तोच धंदा होता," म्हणाले. सोलापूरकडच्या एका बाजारगावात, मारवाड्याच्या वखारीमागं ते जन्मले होते. नलिनीचं लग्न रहाटणीच्या एका घरात जवळजवळ ठरलं होतं, होणारे व्याही आमच्या सभेचे नेहमीचे श्रोते होते, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. गप्प राहिलं तर लग्न सुखानं पार पडणार होतं. पण मग ज्या खोलीत लोक त्या बायकांवर कराचे विनोद करणार, तिथं आपल्या आईला मागच्या रांगेत बसवून, ती जणू कुणी दुसरीच आहे असं बोलावं लागणार होतं. "ते मला जमेल असं वाटत नाही," ते म्हणाले. "आणि खरं बोलायचं तर ते माझ्या एकट्याचं नाही."

म्हणून त्यांनी घरी विचारलं. मी त्या वेळी तिथंच होतो, त्यांनीच मला थांबवून घेतलं होतं. आजी सुपात तांदूळ घेऊन निवडत होत्या. नलिनी कॉलेजातून येऊन भिंतीला टेकून बसली होती. तिला सगळं आधीपासून माहीत होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. ती एवढंच म्हणाली की मोडायचंच असेल तर लग्नाआधी मोडलेलं बरं. केशवरावांनी आईला विचारलं, परवाना असता तर बरं झालं असतं का? आजींनी मान वर केली नाही.

"बरं झालं असतं की. पोलीस मागच्या दारानं आला नसता."

खडा काढून त्यांनी बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "पर कागुद झाला असता माझा. तुला शाळंत घातलं तवा मास्तरनं बापाचं नाव इचारलं. मी माझं सांगितलं, त्यानं गुमान लिवून घेतलं. कागुद असता तर त्यो बी इचारला असता."

"मग मी काय बोलू, आई?"

"खरं हाय ते बोल. माझं नाव घे. पर रडायचं न्हाई. रडलास की लोकं कीव करत्यात, ऐकत न्हाईत."

सभेला त्या दिवशी बसायला जागा नव्हती. बायका मागच्या बाजूला, त्यांत आजी. नलिनी तेवढी पुढं, वडिलांजवळ. व्याही तिसऱ्या रांगेत. प्रतिकूल बाजूचे वक्ते आधी बोलले, संस्कृती आणि कुटुंब यांवर. टाळ्या पडल्या. मग केशवराव उठले, आणि पहिल्यांदाच त्यांचे हात पाठीमागे नव्हते. ते म्हणाले, "आधी एक दुरुस्ती. बाहेरच्या फळ्यावर माझं नाव केशव रंगनाथ माने असं लिहिलं आहे. मी के. रं. अशी सही करतो, म्हणून सगळे तसंच धरून चालतात, आणि मी आजवर ते चालू दिलं. रं म्हणजे रंगनाथ नाही. रं म्हणजे रंगू. ते माझ्या आईचं नाव. आपण ज्या धंद्यावर बोलतो आहोत, तो तिनं केला आहे. ती मागं बसली आहे."

फळ्यावरचं नाव माझ्याच हातचं होतं. मधलं नाव बापाचंच असणार, हे आपल्याकडे कुणी विचारून लिहितं का...

पुढं ते काय बोलले, ते मला शब्दशः आठवत नाही याचं वाईट वाटतं. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. पोलीस, घरमालक, बाजारातला जमादार, प्रत्येक जण आपापला वाटा कसा नेत असे, ते त्यांनी सांगितलं आणि म्हणाले, "कर माझी आई भरतच आली. पावती तेवढी कुणी दिली नाही." परवाना असता तर मार खाल्ल्यावर ती चौकीत पुढच्या दारानं जाऊ शकली असती. एवढ्यावर ते थांबले असते तरी सभा जिंकली असती. पण ते थांबले नाहीत. पाणी प्याले, आणि आमच्या सभेत कधी कुणी केलं नव्हतं ते केलं. दुसरी बाजूही तितक्याच निष्ठेनं मांडली. "परवाना देणारी खिडकी तुम्ही उघडाल. तो परत घेणारी खिडकी कुठं असेल? एका सकाळी आई मला घेऊन एस्टीत बसली आणि तिच्यापुरता तो धंदा संपला. कुणाला सांगावं लागलं नाही. सरकारदरबारी नोंद असती, तर ती एस्टी तिला कुठवर नेऊ शकली असती?" मग नियम मोडल्याबद्दल त्यांनी क्षमा मागितली आणि खाली बसले.

मागच्या बाजूला दोन-तीन बायका आजींपासून सरकून बसल्या. मुद्दाम नसेल, पण जागा पडली. एका माणसाला मांडी घालून बसता येईल एवढी. आजी समोर बघत होत्या. नलिनी पुढून उठली, सगळ्या सभेमधून चालत गेली आणि त्या जागेत बसली. तिसऱ्या रांगेतून व्याह्यांनी मान वळवून ते पाहिलं.

अध्यक्षांनी कौल मागितला. अनुकूल म्हणताच थोडे हात वर झाले, त्यांत एक आजींचा. प्रतिकूल म्हणताच बरेच हात वर झाले, त्यांतही आजींचा होता. कोपरापर्यंत बांगड्या नसलेला, सरळ, उंच हात. अध्यक्ष गोंधळले. मृदूपणे म्हणाले, "आजी, एकाच बाजूला हात करायचा असतो."

"तुमचं एकेक खरं हाय," आजी म्हणाल्या. "माझं दोन्ही हाय."

वकिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी दोन्ही हात मोजून घेतले. त्या दिवसाचा ठराव पडला, पण तो पडला हे मला नंतर कुणीतरी आठवण करून दिल्यावर आठवलं. मी तो हातच बघत होतो. मोठ्या माणसांना मी पुस्तकांत भेटत आलो होतो. त्यांतलं एक माझ्या सतरंजीवर बसलंय आणि दुसरं त्याच्या पोटचं आहे, हे कळायला मला इतकी वर्षं लागली.

लग्न मोडलं. पत्रिका जुळत नाही असा निरोप रहाटणीहून आला, आणि त्यांनी पत्रिका कधी मागितलीच नव्हती. काही घरांतून हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. आजी तशाही जात नसत. कुळकर्णी मात्र एका रविवारी मुद्दाम केशवरावांकडे जाऊन चहा पिऊन आले आणि त्या विनोदाबद्दल काहीही न बोलता तासभर क्रिकेटवर बोलले. नलिनी पुढं शिक्षिका झाली. दोन वर्षांपूर्वी तिनं शाळेतल्याच एका सहकाऱ्याशी लग्न केलं. मुलगा सगळं जाणून आला होता. मी एकदा केशवरावांना विचारलं की मधली वर्षं जड गेली का. "गेली," ते म्हणाले. "नलूची फार जड गेली. पण घरात भीती राहायची ना, ती गेली. भीती फार जागा अडवते हो, दोन खोल्यांच्या घरात."

त्या सभेनंतर त्यांना एक सवय लागली. हळू बोलणारा हा माणूस संध्याकाळी कामावरून आला की गल्लीच्या तोंडाशीच थांबे आणि सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल अशी हाक मारी, "अहो रंगूबाई, केशव आला!" आतून ओ आल्याखेरीज पुढं पाऊल टाकत नसे. सुरुवातीला एखादी खिडकी लागायची. मग पोरांनी ती हाक उचलली, आणि पोरांमागून त्यांच्या आयांनी. आजी वसाहतीच्या रंगूबाई झाल्या.

परवा मी त्यांना भेटायला गेलो. दिवेलागण झाली होती, दार लोटलेलं होतं. वडील गेल्यापासून आजींपाशीच राहत असलेली नलिनी पाणी भरायला बाहेर आली होती. म्हणाली, आजी सकाळी सगळं करते, जेवते, बोलतेही. पण या वेळेला आतल्या खोलीत जाऊन बसते, तिथून उठत नाही. मी कडी वाजवायला हात उचलला आणि खाली घेतला. माझा आवाज वाचनालयातच मुरलेला. मोठ्यानं हाक मी कधी कुणाला मारली नाही. गल्लीच्या तोंडाशी परत गेलो. दोन-तीन खिडक्यांतून माणसं बघू लागली.

"रंगूबाई!"

मी पुढं पाऊल टाकलं नाही, तिथंच उभा राहिलो. बऱ्याच वेळानं आतून ओ आली.