फोल्डरला दिलेलं लांबलचक नाव

आता ऐका, मी एका भरल्या हळदीत काय वाजवलं ते. हसायचं असेल तर खुशाल हसा, तिथे तर अख्खा कोळीवाडा हसला.

साउंडचा धंदा माझ्या दादाचा. दोन मोठे स्पीकर, गाणी वाजवायचं एक मशीन आणि गाण्यांचा पेनड्राइव्ह. दिवाळीनंतर दादा गेला. अजून घरात कुणी त्याच्या खाटेवर बसत नाही. मामा म्हणाला, सामान विकून टाकू, याला काय जमतंय? मी म्हटलं, दादाने घेतलेली मालाडच्या कोळीवाड्यातली एक हळद बाकी आहे, तेवढी वाजवू दे, मग ठरव.

पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरची नावं इंग्रजीत. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. एकेक अक्षर जुळवून वाचेपर्यंत नवरीला मूल होईल! म्हणून माझा दोस्त सुन्या, त्याच्या लॅपटॉपवर बसलो आणि सगळी नावं मराठीत करून टाकली. देवाची. हळदीची. नाचाची.

एका फोल्डरमध्ये गाणी नव्हतीच. दिंडोशीत आमच्या कॉलनीची क्रिकेटची टुर्नामेंट होते, तिथे दादा माइकवर कॉमेंट्री करायचा. ती त्याने जपून ठेवली होती. त्या फोल्डरला मी नाव दिलं, ‘दादाचा आवाज आहे कुणीही चुकूनसुद्धा हात लावू नये’. लॅपटॉपवर काय झकास दिसत होतं! मी मामाला फोटो पण पाठवला.

हळदीला पेनड्राइव्ह मशीनला लावला आणि बघतो तर काय, छोट्याशा स्क्रीनवर नुसते चौकोन. एका ओळीत चौकोन, दुसऱ्या ओळीत चौकोन. मी स्क्रीन रुमालाने पुसली. पेनड्राइव्ह काढून त्यात फुंकर मारली, पँटवर घासला. चौकोन तसेच.

सुन्याला फोन लावला. तो म्हणाला, “त्या मशीनला मराठी येत नाही रे.”

“असं कसं? दिंडोशीत वाढलंय ते!”

इकडे नवरी पाटावर बसलेली, बायकांच्या हातात हळद, आणि मामा माझ्या मागे हाताची घडी घालून उभा. आता अशा वेळी हेडफोन कानाला लावून आधी आपण ऐकायचं असतं, हे मला माहीत होतं. पण थांबेल तो मी कसला? मी डोकं चालवलं. हळद सगळ्यात जास्त वेळ चालते, म्हणजे हळदीचंच नाव सगळ्यात लांब असणार. चौकोनांची सगळ्यात लांब ओळ शोधली आणि दाबलं बटण.

दोन्ही स्पीकरमधून दादा बोलायला लागला.

“आता मैदानात येतोय आमचा बारक्या! बॅट माझी, बूट माझे, फक्त तोंड त्याचं. बॉलरने अजून हात फिरवला नाय आणि याने बॅट फिरवली. दांडी गुल! अरे बारक्या, बॉल तरी येऊ द्यायचा ना! चल, ये इकडे, माझ्याजवळ बस.”

बंद करायचं बटण बोटाखालीच होतं. बोट काही हललं नाही. मंडप हसून हसून लोळत होता. नवरीच्या गालाला लावायची हळद एका आत्याने हसता हसता तिच्या कानात घातली. दादाचं बोलणं संपलं तेव्हा मला कळलं, की मामाची हाताची घडी सुटली होती आणि तो रुमाल शोधत होता.

मग मी हेडफोन लावला, एकेक फोल्डर ऐकून हळदीची गाणी शोधली, आणि पुढचं सगळं नीट वाजलं.

सामान भरताना नवरीचा बाप आला. म्हणाला, मुलाच्या लग्नाला पण तुम्हीच या, आणि तो बोलणारा पोरगा नक्की आणा. मामा फक्त मान हलवत राहिला. मग नवरीच्या बापाने मला विचारलं, “आणि तो बारक्या कोण रे?”

“तो आज आला नाही,” मी म्हटलं आणि वायर गुंडाळायला पाठमोरा झालो.

दादाने आम्हा दोघा भावांना धंद्यासाठी टी-शर्ट छापून घेतले होते. मी तोच घालून गेलो होतो, आणि माझ्या पाठीवर हातभर अक्षरात बारक्या असं लिहिलेलं आहे. मराठीत.

घरी येताना टेम्पोत मामाने मशीन स्वतःच्या मांडीवर घेतलं. मग म्हणाला, “सामान राहू दे घरात. विकायचंच झालं तर तुला विकू.” वर म्हणाला, “पण तुला घेणार कोण?”