सरकारी मलय

पद्माकर गद्रे मलय भाषा शिकले ते नोकरी टिकावी म्हणून. साल होतं एकसष्ट. सिंगापूरच्या एका सरकारी खात्यात ते नुकतेच कारकून म्हणून लागले होते, आणि राष्ट्रभाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय कारकुनाला कायम करत नसत. तीन महिने पहाटे उठून त्यांनी शब्द घोकले. पहिल्या झटक्यात पास झाले.

पुढे दिवस बदलले. राष्ट्रभाषेचा मान मलयचाच राहिला. राष्ट्रगीत तिच्यात, कवायतीचे हुकूम तिच्यात. पण खात्यातला कागद हळूहळू सगळा इंग्रजीत गेला. पद्माकरराव एक्याण्णव साली निवृत्त झाले तेव्हा त्यांची मलय फक्त बाजारात आणि शेजारी चालत होती. नात आर्या तर सिंगापुरी इंग्रजीत सरळ म्हणायची, ‘‘आजोबा, ऑफिसमध्ये नो यूज लाह!’’

शेजारी म्हणजे हौगांग भागातल्या त्यांच्या ब्लॉकमध्ये, सातव्या मजल्यावर, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बिबिक. वय अठ्ठ्याहत्तर. चेहरा चिनी, नाव चिनी, देव्हाराही चिनी. पण त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मलयच बोलत आलेले. त्यांना मँडरिन येत नव्हती, इंग्रजी ‘थँक्यू’च्या पुढे जात नव्हती. जुन्या घरंदाज बायकांना बिबिक म्हणतात, म्हणून पद्माकररावही तसंच म्हणत. मुलगा हेन्री पन्नाशीचा, अविवाहित, आईबरोबर राहायचा. बाहेरच्या जगाशी जे काही बोलायचं ते तोच बोलायचा.

दोन हजार तीनच्या एप्रिलमध्ये सार्सची साथ ऐन भरात असताना हेन्रीला ताप आला आणि रुग्णवाहिका त्याला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर बोलण्याचा आवाज आला म्हणून पद्माकररावांनी दार उघडलं. मास्क लावलेली एक तरुण अधिकारी बिबिकच्या लोखंडी दारापाशी उभी राहून मँडरिनमध्ये भराभर काही सांगत होती. बिबिक नकारार्थी मान हलवत होत्या. मुलीने आवाज चढवला, मग इंग्रजीवर आली. बिबिकनी पद्माकररावांकडे पाहिलं. ती नजर हरवलेल्या माणसाची होती.

‘‘त्यांना मँडरिन येत नाही,’’ पद्माकरराव इंग्रजीत म्हणाले. ‘‘मलय बोलतात.’’

‘‘पण त्या चायनीज आहेत, अंकल.’’

‘‘आहेत ना. पण बोलतात मलय.’’

मुलगी ओशाळली. तिच्या हातातल्या आदेशात लिहिलं होतं की बिबिकनी दहा दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. घरात कॅमेरा बसेल, फोन आला की त्याच्यासमोर उभं राहायचं. दिवसातून दोनदा ताप मोजायचा. पद्माकररावांनी एकेक वाक्य मलयमध्ये सांगितलं. त्यांची मलय फायलीतली, ताठ, इस्त्री केलेली. ‘आपणांस कळविण्यात येते की’ अशा थाटाची. बिबिकना एवढ्या काळजीतही किंचित हसू आलं.

त्या दिवसापासून अधिकारी आधी गद्र्यांकडे फोन करायची. मग पद्माकरराव मास्क लावून बिबिकच्या खिडकीपासून चार हात लांब उभे राहून निरोप मलयमध्ये सांगत. त्यांच्या पत्नी नीताबाई काळजीने म्हणायच्या, ‘‘अहो, तुमचंही वय झालंय. दुसरं कुणी नाही का?’’

‘‘या मजल्यावर तरी नाही,’’ ते म्हणायचे.

सहाव्या दिवशी सकाळी अकराला फोन आला. मुलीचा आवाज बसलेला होता. ‘‘अंकल, हेन्री पहाटे गेला. मी तासाभरात येतेय. पण त्यांना सांगायचं कसं, मला कळत नाही. तुम्हीच आधी सांगाल का?’’

पद्माकररावांनी फोन ठेवला. परीक्षेच्या पुस्तकात पाणी होतं, रस्ते होते, अर्ज-विनंत्या होत्या. आईला मुलाची बातमी कशी सांगायची, ते नव्हतं. शेवटी ते मनात मराठीतच वाक्य जुळवत खिडकीशी गेले.

‘‘बिबिक, हेन्री सुदाह पर्गी.’’ हेन्री गेला.

बिबिक उठल्या. ‘‘पर्गी माना?’’ कुठे गेला? दुसऱ्या इस्पितळात?

मराठीत ‘गेला’ म्हटलं की पुढे काही बोलावं लागत नाही. इथे आई विचारत होती, कुठे.  खात्यात मयत नोकरांच्या वारसांना पत्रं टाइप करताना शेकडो वेळा लिहिलेला शब्द पद्माकररावांना ठाऊक होता. तो तोंडाने उच्चारायची वेळ कधी आली नव्हती.

‘‘मनिंगाल,’’ ते म्हणाले. निधन झालं. ‘‘आज पहाटे.’’

बिबिक खिडकीचे गज धरून खाली बसल्या. पद्माकरराव चार हातांवर उभेच राहिले. जवळ जायची मुभा नव्हती. त्या माउलीला कुणी हात लावू शकत नव्हतं.

साथीच्या नियमाप्रमाणे त्याच दिवशी दहन झालं. बिबिकना जाता आलं नाही. रात्रीपासून त्यांनी अन्न सोडलं. नीताबाईंनी दाराशी ठेवलेली पेज तशीच परत आली. तिसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीतून एवढंच विचारलं, ‘‘तो काही म्हणाला का शेवटी?’’

पद्माकररावांनी अधिकारी मुलीला गळ घातली. तिने खटपट करून वॉर्डातल्या नर्सला फोनवर आणलं. नर्स चीनमधून आलेली, इंग्रजी तुटकं. ती म्हणाली की श्वासासाठी नळी घालायच्या आदल्या रात्री तापात तो एकच काहीतरी पुन्हापुन्हा म्हणत होता. दिवसभर इंग्रजी बोलणारा माणूस, पण हे इंग्रजी नव्हतं. त्या पाळीत मलय कळणारं कुणी नव्हतं. म्हणून तिने कानाला लागलं तसं कागदावर उतरवून ठेवलं होतं. ती ते अडखळत वाचू लागली. पद्माकररावांनी तिला दोनदा वाचायला लावलं.

मग ते खिडकीशी गेले. या वेळी त्यांनी स्वतःचं काही जुळवलं नाही. ऐकलं तसंच म्हटलं. ‘‘माक, माकान दुलू. जांगान तुंग्गू.’’ आई, तू आधी जेवून घे. वाट बघू नकोस.

बिबिकनी डोळे मिटले. ‘‘रोज फोन करून हेच सांगायचा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि मी रोज थांबायची.’’ मग त्यांनी विचारलं, ‘‘तुझ्या बायकोने आज काही ठेवलंय का?’’

नीताबाईंनी पेज पुन्हा गरम केली.

विलगीकरण संपल्यावर पद्माकरराव बिबिकबरोबर हेन्रीच्या अस्थी आणायला गेले. दहनगृहाच्या खिडकीवरच्या कारकुनाला आधी त्यांनीच सांगून टाकलं, ‘‘यांच्याशी मलय बोला.’’ कारकून स्वतः मलय माणूसच निघाला. तो उभा राहिला, आणि सगळं थेट बिबिकशीच बोलला, हळू, आदराने. पद्माकररावांना मध्ये तोंड घालावं लागलं नाही. ते मागच्या बाकावर जाऊन बसले.

मे संपेपर्यंत अधिकारी मुलगी त्यांना आणखी चार घरांचे नंबर देत राहिली. चारही घरांत फक्त मलय कळणारी म्हातारी माणसं होती. पलीकडून फोन उचलला की पद्माकरराव आधी विचारायचे, जेवलात का. मग आदेश वाचायचे.