गुळाचा खडा आणि ठोकलेल्या खिडक्या

आमच्या कापसाच्या जिनात बायांच्या तब्येतीची फार काळजी घेत. रोज सकाळी फाटकाशी मॅनेजर स्वतः उभा राहून एकेकीच्या हातावर गुळाचा खडा ठेवी. गूळ खाल्ला की नाकातोंडात गेलेलं कापसाचं तूस पोटात उतरतं आणि छाती मोकळी राहते, असं तो म्हणे. खरं तर ते आमचंच म्हणणं. माझी आई, मावशी, साऱ्या तेच सांगत आल्या होत्या. त्याने आमचं शहाणपण आमच्याच गळ्यात बांधलं, एवढंच.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. हंगामात शेगावला कापसाच्या गाड्यांची रांग पार स्टेशनापर्यंत लागे. मळ्यातली वांगी-मिरची आटोपली की मी आणि माझी थोरली जाऊ जिनात जायचो. यंत्र सरकी आणि रुई वेगळी करी, आणि त्याच्या तोंडात कापूस घालत आम्ही बाया दिवसभर उभ्या. वाऱ्याने रुई उडून वाया जाते म्हणून खिडक्यांना खिळे ठोकलेले. आत इतकं तूस की समोरच्या बाईच्या भुवया पांढऱ्या दिसत.

जावेला खोकला लागला. खोकणाऱ्या बाईला मुकादम घरी बसवी, म्हणून ती तोंडात पदर कोंबून खोकला गिळायची. शेजारच्या यंत्रावरून मी ते पाहायची आणि माझं डोकं तडकायचं. मी काय केलं? माझा गुळाचा खडाही तिलाच देऊ लागले. महिनाभर दिला. मोठं औषध देतेय असं वाटायचं मला! त्या मूर्खपणाचा राग मला अजून येतो.

एका सकाळी गूळ तोंडात असतानाच तिला ढास लागली. ती भिंतीशी जाऊन थुंकली. त्यात गूळ होता, तूस होतं आणि रक्ताची रेघ होती.

"पाह्य," ती मला म्हणाली, "अन् सांग मले, पोटात काय उतरलं?"



त्याच आठवड्यात नागपूरहून कारखाने तपासणारा साहेब आला. मॅनेजरने आम्हाला ओळीत उभं केलं, हातावर गूळ दिला आणि साहेबासमोर खायला सांगितलं. जाऊ ओळीतून पुढे गेली. तिने आपला खडा साहेबापुढे धरला.

"साहेब, हा गूय तुमी खा, अन् घंटाभर आमच्यासंग आत उभे राहा. मंग सांगा, छाती मोकयी होते का."

साहेब आत गेला आणि थोड्याच वेळात नाकाला रुमाल लावून बाहेर आला. वहीत काहीतरी लिहून निघून गेला. तो फाटकाबाहेर पडताच मॅनेजरने जावेला सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

दुसऱ्या दिवशी मी तिला हाताला धरून फाटकाशी नेलं. बाकीच्या बायाही थांबल्या. तोंड माझ्या ताब्यात नव्हतं.

"हिले आत घ्या अन् खिडक्या उघडा. नाई तं आमी कापसाले हात लावत नाई."

"काऊन वं, गूळ कमी पडला का?" मॅनेजर हसला.

आम्ही आपापला खडा गाड्यांच्या रांगेतल्या बैलांना चारला. हसणं थांबलं त्याचं. यंत्रं बंद, गाड्या खोळंबल्या. गाडीवाले आधी आमच्यावर खेकसले, मग ऊन चढू लागलं तसे त्याच्यावर. दुपारी मिस्त्री पकड घेऊन आला आणि खिळे उपसू लागला. जाऊ आमच्याबरोबर आत गेली. रुई उडाली थोडी. उडेना का! रुई उडाल्याने कोणी मेलं नाही.

जाऊ मात्र गेली, तिसऱ्या हंगामाआधी. तिच्या छातीत जे बसायचं ते आधीच बसलं होतं. मग एवढं भांडून मिळालं काय, असं लोक अजून विचारतात. तिच्यानंतर मी त्या उघड्या खिडक्यांशी कितीतरी हंगाम काढले. आज माझी सगळी हाडं कुरकुरतात, पण मी बांधावरून हाक मारली की मळ्याच्या त्या टोकाला ऐकू जाते. सुना म्हणतात, आत्याबाई, हळू बोला. मी हळू बोलत नाही.