तायडेभाऊंनी न केलेल्या सह्या

आमच्या नाहूरच्या सोसायटीचे जुने वायरमन श्री. भगवान तायडे यांना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गौरव अंकात मलाही लिहायला सांगितलं, याचा इतका आनंद झाला की पहिला दिवस शेजारणींना सांगण्यातच गेला. माझी शाळा चौथीपर्यंत. नात म्हणाली, "आजी, तू लिही, मी फक्त वेलांट्या बघते." तेव्हा वेलांट्या तिच्या, बाकी सगळं माझं.

भाऊंची ओळख गिझरमुळे झाली. त्याआधी आम्ही पाणी गॅसवर तापवायचो, पातेल्याचा एक कान गेलेला, फडक्याने धरून उचलायचं. ते असो. माझा मुलगा सुनील गिझर घेऊन आला आणि भाऊंना बोलावलं. भाऊंनी चपला बाहेर काढल्या, मेनचा फ्यूज काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला. "वहिनी, हा माझ्याजवळ असला की चुकून कोणी वीज चालू करत नाही." मग बाथरूमचा बोर्ड उघडून म्हणाले, "ही वायर दिव्याची आहे. गिझरला मीटरपासून वेगळी वायर आणि अर्थिंग लागेल."

सुनील म्हणाला, "काका, एक पॉइंट तर काढायचाय!"

"दिवा, पंखा, बटण, फ्यूज आहे तसाच बदलायचा तर मेन बंद करून तुम्ही बदला, कायदा अडवत नाही. नवा पॉइंट म्हणजे नवं काम. ते परवाना असलेल्या ठेकेदाराकडूनच करायचं. हात लावणाऱ्याकडे वायरमनचा परवाना पाहिजे आणि वर बघणाऱ्याकडे पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र."

मला वाटलं, काम वाढवून सांगतायत. भाऊंनी फ्यूज परत बसवला आणि निघाले, तर मी जिन्यात गाठून ऐकवलं, "तुमचा परवाना काय आम्ही देव्हाऱ्यात ठेवून ओवाळायचा?" भाऊ तसेच खाली उतरून गेले.

सुनीलने साकीनाक्याचा एक माणूस आणला, तासाभरात गिझर चालू. पुढे वीज कंपनीकडे भार वाढवायचा अर्ज करायचा होता. त्याला परवानाधारकाने सही केलेला चाचणीचा अहवाल लागतो. सुनील कागद घेऊन भाऊंच्या दारात. भाऊ म्हणाले, "आधी काम उघडून तपासू द्या, चुकलं असेल ते सुधारू द्या, मग सही."

"राहू द्या," सुनील म्हणाला, "तुमच्या सहीचं लोणचं घाला."

अशा आणखी चार घरांना भाऊंनी सही नाकारली होती. सगळे मिळून कमिटीकडे गेले आणि गेटजवळच्या फळ्यावर सोसायटीचे वायरमन म्हणून लिहिलेलं भाऊंचं नाव पुसलं. पुसणाऱ्यांत माझा सुनील होता. ओला फडका त्याला मी दिला.

वर्षही झालं नसेल. एका सकाळी सूनबाईने, ज्योतीने, ओल्या हाताने नळ धरला आणि तिथेच चिकटली. सुनीलने मेन पाडला म्हणून ती वाचली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र अजून वळत नाहीत. भाकरी आता मी थापते. गिझरच्या सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेला होतं, आत अर्थची वायर जोडलेलीच नव्हती.

त्याच दुपारी भाऊ न बोलावता आले. फ्यूज खिशात टाकला आणि दोन दिवस बसून सगळं नव्याने केलं. बोर्डाच्या झाकणाला आतून पेन्सिलीने आपलं नाव आणि परवाना क्रमांक लिहिला. पुढे कोणी उघडलं तर काम कोणाचं ते कळावं, म्हणून ते प्रत्येक घरात असं लिहितात. मी टोमण्याची वाट बघत होते. ते सुनीलला एवढंच म्हणाले, "मेन कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा." जिन्यातल्या बोलण्याची माफी मी तेव्हा मागितली नाही. आज इथे मागते.

आता कमिटीचं ऐका. ज्यांनी नाव पुसलं तेच हार आणतायत, ठीक आहे, माणसं बदलतात म्हणू. पण गेल्या आठवड्यात कार्यक्रम ठरवायला भाऊंना ऑफिसात बोलावलं तेव्हा मी तिथेच होते. आमच्या मीटर रूमचं काम अध्यक्षांच्या भाच्याने केलंय, त्याच्याकडे परवाना नाही. सेक्रेटरींनी निमंत्रणपत्रिकेखालून त्या कामाचा चाचणीचा अहवाल पुढे सरकवला.

"काका, तेवढी सही टाका ना. तुमचाच सत्कार आहे यार!"

"सत्कार माझा आहे. वायरिंग माझं नाही."

"मग कार्यक्रमाचा परत विचार करावा लागेल."

"करा," भाऊ म्हणाले. चष्मा डबीत ठेवला. "मीटर रूममध्ये तोवर कोणाला जाऊ देऊ नका. मला तपासू दिलंत तर उद्या सकाळी येतो."

चहा न घेता निघाले. अजून त्यांना कोणी बोलावलेलं नाही. त्या मीटर रूमच्या वर आमची बहात्तर बिऱ्हाडं राहतात.

हे छापायचं नसेल तर माझं नावही छापू नका. भाऊ, तुमचे गुडघे चालते राहोत, नजर साफ राहो, जेवण गोड लागो आणि शंभरीनंतरही लोकांनी तुम्हाला कामाला बोलावावं. आणि कमिटीवाल्यांनो, त्या दिवशी त्यांना शाल द्या, हार घाला, हवं तर पाया पडा. पेन तेवढं हातात देऊ नका.