दिवसा झोपलेले बाप

उन्हाळ्यात माझा नवरा कंपनीतली नाइट शिफ्ट करून घरी आला, झोपला आणि झोपेतच गेला. जूनमध्ये शाळा उघडली तशी मी तिसरीच्या वर्गावर इंग्रजी शिकवायला हजर झाले. लोकांना वाटलं, बाई मोठी धीराची. धीर कसला डोंबलाचा! मला काही वाटतच नव्हतं. भेटायला येणाऱ्या बायका मी कधी रडते याची वाट बघत बसायच्या. मी त्यांना चहा द्यायचे, कप विसळायचे आणि दार लावून घ्यायचे.

कंपनीचं क्वार्टर सोडून सिल्वासातच डोकमर्डीत एक खोली घेतली होती. नाशिकहून भाऊ रोज फोन करायचा, "ताई, सिल्वासात आता तुझं आहे कोण? इकडे ये." भावजयीच्या स्वयंपाकघरात उरलेलं आयुष्य काढायची माझी तयारी नव्हती. नोकरी होती म्हणून मी इथे राहू शकत होते, आणि नेमकी तीच जायच्या बेतात आली. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, आपके क्लास से आवाज ही नहीं आती. मैं शुक्रवार को आकर बैठूंगा. ऐसा ही चला तो दिवाली के बाद दूसरी टीचर देखनी पडेगी." त्यांचं चुकत नव्हतं. मीच घशातल्या घशात शिकवत होते, मग पोरं काय बोलणार?

शुक्रवारी मी चालू वर्तमानकाळ घेतला. एकाने काम करून दाखवायचं आणि ते चालू असतानाच बाकीच्यांनी ओरडून सांगायचं. एका मुलीने केर काढला. "शी इज स्वीपिंग!" दुसरीने हवेतल्या हवेत रोटली लाटली. "शी इज कुकिंग!" बऱ्यापैकी आवाज निघाला. शेवटच्या बाकावर मुख्याध्यापक मान डोलावत होते. मला जरा हुरूप आला आणि मी म्हटलं, "आता पप्पा घरी काय करताहेत ते कोण दाखवतं?"

रांधा गावचा एक गुटगुटीत मुलगा पुढे आला, फरशीवर उताणा झोपला आणि डोळ्यांवर रुमाल टाकला. सगळा वर्ग कुजबुजला, "ही इज स्लीपिंग."

"लाउडली!" मुख्याध्यापक मागून म्हणाले. वर्गाने आवाज आणखी खाली आणला. "अरे, जोर से बोलो!" तशी पहिल्या बाकावरची खानदेशातली एक मुलगी मागे वळली आणि ओठांवर बोट ठेवून तिने त्यांनाच दटावलं. "सर, हळू बोला ना! पप्पा नाइट करीसन आलेत."

ते चक्रावून माझ्याकडे बघायला लागले. ते दूरच्या गावाहून आलेले, एकटे राहणारे गृहस्थ. या पोरांची घरं त्यांना काय माहीत! आमच्याकडे बाप दिवसा झोपतो. तो झोपला की टीव्ही मुका होतो, कुकर लागत नाही, भांडणंसुद्धा खुणांनी होतात. मीही वर्षानुवर्षं हेच केलं होतं. दुधनीहून मासे आणणारी बाईदेखील आमच्या दारात हाक मारायची नाही, नुसती टोपली टेकवायची.

"मॅडम, बुलवाइए इनसे," मुख्याध्यापक म्हणाले. आवाजात धार होती. नोकरी हवी असेल तर आत्ताच्या आत्ता वर्गाला ओरडायला लावणं भाग होतं. पण माझी नजर त्या रुमालावर खिळली होती. त्या दिवशी माझा नवराही असाच रुमाल टाकून झोपला होता. दिवसभर मी अनवाणी वावरले, बाहेर खेळणाऱ्या पोरांना लांब पाठवलं, घर चिडीचूप ठेवलं. चार वाजता उठवायला गेले. डॉक्टर म्हणाले, सकाळीच गेलेत. म्हणजे मी दिवसभर सांभाळली ती झोप नव्हतीच.

पोरगा जरासुद्धा हलत नव्हता. नाटक उत्तम वठवत होता मेला. मी त्याची छाती वरखाली होते का बघू लागले, आणि शर्ट सैल होता म्हणून मला दिसेना.

"ऊठ!" मी ओरडले. असा आवाज माझ्यातून कितीतरी महिन्यांत निघाला नव्हता. "ऊठ ना रे! ऊठ!"

तो दचकून ताडकन उठून बसला. रुमाल उडाला. वर्गाला वाटलं की हा धड्याचाच भाग आहे. बाकांवर हात आपटत पोरं जीव तोडून ओरडली, "ही इज गेटिंग अप! ही इज गेटिंग अप!" शेजारच्या वर्गातले शिक्षक दारात येऊन उभे राहिले.

"हां, ऐसी आवाज चाहिए," मुख्याध्यापक खुशीत म्हणाले. "दिवाली के बाद भी आप ही संभालिए."

मी फळ्याकडे तोंड करून उभी होते. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि पदराने पुसायलाही हात उचलवत नव्हता. मागून कुणीतरी माझा पदर ओढला. तोच मुलगा होता.

"मिस, परत झोपू?"

"नको," मी म्हटलं. "नको रे बाळा."