कमजोरीचं चूर्ण

दिवाळीनंतर माझं मशीनवर बसणं सुटलं. हात दुखत नव्हते, डोळे शाबूत होते. नुसती इच्छा गेली. मुकुटबनात मी बावीस वर्षं ब्लाउज शिवते. बायका माझ्या जिभेला घाबरतात आणि फिटिंगसाठी परत येतात. आता त्या कापड परत न्यायला येऊ लागल्या. गठ्ठा कमी होताना मला बरं वाटलं, तेव्हा मात्र मी घाबरले. शिवणं गेलं तर माझ्यात उरतं काय? मोठा आवाज, बस.

घरात सांगायला शब्द हवा. 'उदास' व्हायचं ते सिनेमातल्या लोकांनी. आमच्याकडे बाईला एकच आजार होतो, कमजोरी. मीही तेच सांगितलं.

"मले वाटलंच," शेजारी राहणारी माझी जाऊ म्हणाली. "वणीच्या जडीबुटीवाल्या चाचाकडे जाय. माह्या भाचीले त्याच्याच चूर्णानं फरक पडला."

"भाचीले काय झालं होतं?"

"बाळंतीण होती."

तरी मी गेले. तेव्हा माझी अक्कल कुठे होती ते यावरून समजावं.

चाचांच्या दुकानात छतापर्यंत डबे. "क्या तकलीफ है, बहनजी?"

"कमजोरी."

"नींद? भूख?"

"सब ठीक." दोन्ही खोटं. मागे तीन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर कोण सांगणार?

"कोई गोली चालू है?"

"नाही." थायरॉइडची गोळी मी दहा वर्षं रोज सकाळी घेते, पण तिला मी गोळीत धरतच नाही. ती दात घासण्यासारखी.

चाचांनी अश्वगंधा, शतावरी आणि आणखी कसली तरी मुळी कुटून दिली. दुधातुपातून दोन वेळा घ्यायचं. मी शिस्तीची बाई. एक वेळ चुकवली नाही. वर जावेनं सांगितला म्हणून गुलकंद आणि मोबाइलवर पाहिलं म्हणून हळदीचं दूध. मन हलकं होईल म्हणून वाट पाहत होते, वजन मात्र वाढत गेलं. दीड महिन्यात मला माझाच ब्लाउज होईना. गिऱ्हाइकांच्या ब्लाउजला मी आत दोन बोटं माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडते. स्वतःच्या ब्लाउजला कधी सोडली नव्हती. आपण काही बदलत नाही, असा भरवसा. म्हणजे उसवायलाही जागा नाही. आधी नुसती उदास होते, आता उदास आणि जाड.

मग छाती धडधडायला लागली, तेव्हा मुकाट्यानं सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरीण माझ्या पोरीच्या वयाची. चूर्णाचा डबा आणि गोळीची चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवून तिनं विचारलं, "काकू, हे दोन्ही सोबत घेता? कोणाले विचारलं?"

"चाचानं विचारलं होतं. मीच नाही म्हटलं."

"हे कायसाठी सुरू केलं?"

"कमजोरीसाठी."

"म्हणजे नेमकं काय होते?"

हे मला दीड महिन्यात कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. "मन लागून नाही राह्यलं," म्हटलं आणि नाक पुसलं. सर्दी होती, असं मी अजूनही सांगते.

तिनं चूर्ण बंद केलं. धडधड या जोडीमुळेच असेल, झाडपाल्याचं असलं तरी चालू गोळीसोबत विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, म्हणाली. रक्त तपासायला दिलं. नैराश्य आहे, सौम्य आहे, दर गुरुवारी समुपदेशक बाई येतात, त्यांच्याशी बोला.

घरी जावेला सांगितलं. "बोलून बरं होते? मंग तू आजारीच काहून पडली?"

गुरुवारी गेले. बाई समोर बसल्या, वही मिटली आणि म्हणाल्या, "बोला." बावीस वर्षं बायकांशी बोलले ते छाती, कंबर, गळा मागून किती, एवढंच. शेवटी तोंडातून निघालं, "तुमचा ब्लाउज कोणी शिवला? खांद्यावर ओढते. बाही चुकीची जोडली आहे, माझ्याकडे द्या, उसवून नीट करते."

बाई हसल्या. म्हणाल्या, "तो नंतर बघू. आधी तुमचं."

मी बोलले. अर्धा तास बोलले, काय ते सांगत नाही. पण नजर त्या बाहीवरून हटेना. किती महिन्यांनी कोणाची तरी वाईट शिवण पाहून माझं डोकं तापलं होतं.