खिशातलं झाकण

ती घटना आठवायला मला कुठली फाईल उघडावी लागत नाही. दोन हजार सालानंतरचा काळ. मी दिंडोरी तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. गावाचं नाव आणि माणसांची नावं सांगणार नाही; त्यांची मुलंबाळं तिथंच राहतात.

भर दुपारी फोन आला. द्राक्षबागेसाठी बांधावरची झाडं तोडताना एक माणूस पेटला होता. पाठोपाठ आमच्या खबऱ्यानं पुढचं पुरवलं. "साहेब, मेव्हण्यानंच पेटवला. सकाळी पंपावरनं बाटलीत पेट्रोल घेतलं त्यानं. आन् माणूस पेटल्यावर पळत सुटला."

दाजी-मेव्हण्याची ही जोडी चेनसॉवर, म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या साखळीच्या करवतीवर, झाडं तोडायची कामं घ्यायची. आठवड्यापूर्वी दाजीनं बायकोवर हात उचलला होता. तेव्हा तिच्या या भावानं चहाच्या टपरीवर चारचौघांत दम भरला होता, "पुन्हा हात लावला तर जाळून टाकीन." एवढं मिळाल्यावर पोलिसाला आणखी काय हवं? सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जखमीच्या खाटेजवळूनच आम्ही त्याला उचलला. पळालेला माणूस खाटेजवळ कसा सापडतो, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

"पेट्रोल कशाला आणलंस?"

"मशीनला, साहेब. त्यात ऑईल बी मीच मिसळलं."

"मग पळालास का?"

"जीप आणाया. वस्तीवर एकच जीप हाय."

"दाजीला जाळीन म्हणाला होतास?"

त्यानं मान खाली घातली. "म्हणलो व्हतो."

मी टेबलावर हात आपटला. तीन दिवस त्यानं हाच जबाब दिला, शब्द इकडचा तिकडे केला नाही. खोटं बोलणारा दर वेळी थोडी भर घालतो, हे मी नव्या शिपायांना शिकवत असे. पण राग डोक्यात गेला की स्वतःचंच शिकवलेलं विसरायला होतं.

त्याची बहीण ठाण्याच्या ओट्यावर येऊन बसायची. भावाला भेटायचं का विचारलं तर म्हणाली, "नवरा बोलला की त्यालाच इचारीन. भावानं केलं असंल तर मला भाऊच नाय." नवरा बोललाच नाही. जबाब देण्याच्या स्थितीत तो कधी आलाच नाही. तिसऱ्या दिवशी गेला. गुन्ह्याला खुनाचं कलम लागलं.

तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलातून दाजीच्या कपड्यांचं गाठोडं मुद्देमालात आलं. हवालदार नोंद करत होते. पँटची उजवी बाजू जळून गेली होती, डावा खिसा शाबूत होता. त्यातून त्यांनी एक काळं प्लास्टिकचं झाकण काढलं. "हे कशाचं हो, साहेब?"

मी ते त्यांच्या हातातून घेतलं. मला ते माहीत होतं.

महिन्याभरापूर्वी ठाण्याच्या आवारात कडुनिंबाची मोठी फांदी पडली होती. ती तोडायला हीच जोडी आली होती. मी खुर्ची टाकून समोर बसलो होतो. मशीनमधलं इंधन संपलं. दाजीनं तापलेली मशीन तशीच मांडीवर घेतली आणि टाकीचं झाकण काढून खिशात घातलं, कारण त्याची दोरी तुटलेली होती आणि भुशात पडलं की ते सापडत नसे. मग बाटलीनं सरळ ओतायला लागला. तोंडात विडी. मेव्हणा म्हणाला, "दाजी, जरा गार होऊ द्या की."

आणि मी खुर्चीतून ओरडलो, "अरे आटपा लवकर, मोठे साहेब येतायत!"

मी मुद्देमालातली मशीन काढायला लावली. टाकी उघडी होती आणि सायलेन्सरच्या बाजूनं वितळलेली. बाटलीच्या तळाशी राहिलेल्यातले दोन थेंब कागदावर टाकले. पेट्रोल उडून गेलं, तेलाचा डाग राहिला. माझ्या स्कूटरमध्ये वर्षानुवर्षं पेट्रोलबरोबर हेच ऑईल पडत होतं, तरी डोक्यात प्रकाश पडला नव्हता. जाळायला निघालेला माणूस पेट्रोलमध्ये मापानं ऑईल कशाला मिसळेल? डॉक्टरांनीही आग मांडीपासून वर गेल्याचं सांगितलं. झाकण खिशात घालून दाजी स्वतःच टाकी भरत होता आणि तापल्या सायलेन्सरवर पेट्रोल सांडलं होतं. मी कोर्टात अहवाल दिला आणि मेव्हणा सुटला. पण दाजीला खांदा द्यायचं त्याचं राहून गेलं, ते माझ्यामुळे.

ओट्यावर बसलेल्या बहिणीला मी सगळं समजावलं. भावाचा हात धरून ती ढसाढसा रडली. मग मला राहवेना, त्या कडुनिंबाच्या दिवसाचंही सांगून टाकलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे तुमाला दिसलं व्हतं."

"हो," म्हणालो. ती भावाला घेऊन ओट्यावरून उतरली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर नोकरीत जिथं चेनसॉचा आवाज आला तिथं मी जीप थांबवली. विडी विझवायला लावली. मशीन बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, साफ जमिनीवर ठेवा, कॅनमधून नरसाळ्यानं भरा, सांडलेलं पुसा, झाकण घट्ट लावा आणि दहा पावलं लांब जाऊन मगच चालू करा. लोक पाठीमागे हसायचे, फौजदार मिस्त्री झाला म्हणायचे. हसू देत.

गुन्हा कुणी केला, हे शोधायला आम्हाला शिकवलं जातं. डोळ्यांसमोर कुणी चुकत असताना कोण नुसतं बघत बसलं, हे कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. त्या कडुनिंबाच्या दिवसाची स्टेशन डायरी मी नंतर काढून पाहिली. माझ्याच अक्षरात नोंद होती : आवारातील झाडाची फांदी तोडून घेतली. विशेष काही नाही.